नकाशात नसलेली तार

१० मार्च १९६७
सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी अमडापूरला एसटीतून उतरले. दहा पंचविसाला किसनरावांनी माझ्या नावाचं टपाल फोडलेलं माझ्या हाती दिलं. जाब विचारला तर म्हणाले, मास्तरीणबाई, इंग्रजी होतं, मले काय समजते त्यातलं? मी म्हटलं, मग फोडलं काऊन? पाकीट माझं, एवढं समजायला इंग्रजी लागत नाही!

ते सोडलं तर स्वागत झकास. नागपूरला पस्तीस वर्षं मुलींना पदार्थविज्ञान शिकवलं. आता जुने व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर बोलते करते. गावात लाउडस्पीकर एकच, किसनरावांचा; त्यासाठीच त्यांनी बोलावलं. पडून मुका झालाय, आणि कंपनी कधीच बुडाली. मला दिलेली खोली विटांची, दार लोखंडी, उजेड भरपूर. त्यांच्या पत्नी विमलबाईंनी भाकरीवर लोणी वाढलं. फोडलेल्या पाकिटात त्याच कंपनीतल्या, कलकत्त्याच्या एका म्हाताऱ्या इंजिनिअरनं हातानं काढलेला सर्किटचा नकाशा. किती सुबक!

१२ मार्च
आवाज आला! एक व्हॉल्व्ह, दोन कंडेन्सर बदलले. किसनराव खूश. बस झालं म्हणाले, खालचं झाकण उघडू नोका. अठराला रुखमाबाईची सभा आहे, तेवढी निभली पाहिजे. ग्रामपंचायतीला ती त्यांच्याच विरुद्ध उभी, तरी हे स्पीकर देतात. मन मोठं म्हणायचं. आधी तिचा नवरा तुळशीराम उभा होता. दोन महिन्यांपूर्वी भाषणाला उठला आणि याच माइकला चिकटून गेला. सभा देवळाच्या ओट्यावर. ओटा आधी धुवायचा, वर अनवाणीच चढायचं, अशी रीत. देवाची मर्जी, असं विमलबाई म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.

१३ मार्च
झाकण उघडलं. प्रत्येक तार नकाशाशी ताडल्याशिवाय मी यंत्र मिटत नाही. बत्तीस जुळल्या. तेहतिसावी नकाशात नाही. ती विजेच्या वायरीतून निघते, मागच्या काळ्या बटणातून जाते आणि थेट माइकच्या धातूच्या दांडीला मिळते. चूक नव्हे. कथलाचा डाग नेटका, वर रबरी नळी. बटण दाबलं की ओल्या ओट्यावर अनवाणी उभा माणूस संपला. सभेत बटणापाशी बसतात किसनराव.

दुरुस्तीला परगावची बाई का, तेही कळलं. रुखमाबाई मेली की म्हणायचं, बाईनं बिघडवलं.

१४ मार्च
तार कापली. चिखलीच्या फौजदाराला पत्र लिहून शेजारच्या पुंजाजीजवळ दिलं. दुपारी त्याला किसनरावांच्या दोघांनी धरून आणलं. उजव्या हाताची बोटं दगडानं ठेचलेली, नखं नाहीत. किसनराव माझं पत्र हलवत म्हणाले, अक्षर लय सुंदर आहे हो बाई.

१६ मार्च
दोन दिवस बाहेरून कडी. आज किसनरावांनी गळा धरून माझ्याच हातांनी तार परत जोडायला लावली. मग शेळी आणली, तिच्यावर घागर ओतली, माइक तोंडात कोंबला. बटण. पाय ताठ, डोळे — वास अजून खोलीत आहे. म्हणाले, काम बराबर आहे का पाहून राह्यलो.

१७ मार्च
किसनराव यंत्र न्यायला आले. दिलं नाही. माझे दोन दात गेले. डाग द्यायचं तापलेलं लोखंड त्यांच्या गालावर टेकवलं — चर्र झालं — ओरडत पळाले. दार आता मी आतून लावलंय. यंत्र आत, मी आत.

१८ मार्च, दुपारी तीन
चारला सभा. ओरडून घसा बसला. रुखमाबाईपर्यंत काही पोचत नाही. बाहेर चौघे. कुऱ्हाड. ओटा धुऊन आलेत — दाराखालून पाय दिसतात, ओले, अनवाणी.

तीन वीस
तार माइकवरून काढून लोखंडी दाराला जोडली. माठ फटीतून बाहेर ओतला. हा कागद सरकवला, नक्कल इथे:

किसनराव, तेहतिसावी तार आता या दारात आहे आणि बटण माझ्या अंगठ्याखाली. आधी कळवते आहे. मागून अपघात म्हणू नका. तुळशीरामला कसं मारलं ते सहीनिशी लिहून साडेतीनच्या आत फटीतून आत टाका. तोंडी उत्तर चालणार नाही.

तीन अठ्ठावीस
हसताहेत. मास्तरीणबाई पेपर घेऊन राह्यल्या बे, म्हणे. पावलं जवळ — कुऱ्हाड ठेवली — त्यांचा हात कडीकडे, माझा अंगठा बटणावर — किसनराव, अजून दोन मिनिटं आहेत, लेखी द्या, साडेतीनच्या आत, ले—