बशीतला चहा स्थिर होईपर्यंत

प्रिय बाबा,

रविवार, सकाळी सात वाजून वीस मिनिटं. आपली पन्नास वर्षांची निळी गाडी चाळीसमोर चालू ठेवून मी तुमच्या सीटवर बसलोय. इंजिन ज्या रबरांवर टेकतं, त्या नव्या माउंटिंगचे बोल्ट सैल आहेत. मुद्दाम! थांबण्याशिवाय दुसरं काम नाही, आणि थांबलो की तुम्ही आठवता. म्हणून लिहितोय.

तुम्ही गेल्यापासून आई गाडीत बसलेली नाही. म्हणते, "त्या थरथरीनं माझी कंबर जाते रे." खरंच कंबर का, बाबा? उद्या भंगारवाला येणार आहे. मी तिच्याकडून एवढा एकच रविवार मागून घेतला.

काल दिवसभर गाडीखाली होतो. इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीखाली, सम्पखाली फळी, फळीखाली जॅक. इंजिन दोन बोटं उचललं आणि जुनी रबरं काढली. रबर कसलं, सुकलेला खजूर! शेजारचे मोरेकाका वाकून म्हणाले, "काय रे, दुरुस्ती चाललीय की झोपलायस?"

खरं सांगू? अर्धा झोपेतच होतो. ताडपत्रीतून निळा उजेड झिरपत होता, पाण्याखाली असल्यासारखा. वाटलं, पलीकडून तुम्ही पाना द्याल. मी हातसुद्धा पुढे केला. हसू नका!

नवी रबरं बसवली. इंजिन जॅकवर असतानाच प्रत्येक बोल्ट जीव खाऊन आवळला, तीनदा तपासला. जॅक काढून चालू केली, तर पहिल्यापेक्षा जास्त हलली! आरसा, दारं, माझे दात, सगळं. वर आई खिडकीत उभी होती. तिनं हळूच खिडकी लावून घेतली.

आज तीच चहा घेऊन खाली आली. बशीत ओतून बशी मडगार्डवर ठेवली.

"ते बोल्ट सैल कर."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"तीस वर्षं ह्यांचा चहा कोण आणत होतं? इंजिन जॅकवर असताना हे कधी बोल्ट घट्ट करायचे नाहीत. जॅक काढून, बोल्ट सैल सोडून गाडी चालू करायचे. बशीतला चहा हलायचा थांबला की म्हणायचे, बसलं बघ आपल्या जागी. मग पाना."

बाबा! नववीत शाळा सोडून तुमच्या हाताखाली आलो, तेव्हा गिऱ्हाइकासमोर मी म्हणालो होतो, "अर्धं काम टाकून चहा पीत बसतात!" तुम्ही नुसते हसलात. का? एक थोबाडीत द्यायचीत, पण कारण सांगायचंत ना!

बशीतली वलयं बारीक होतायत. साय धरतेय. आता उठतो.

आठ वाजून दहा. गाडी बंद करून बोल्ट आवळले. पुन्हा चालू केली, तर सायीवर सुरकुतीसुद्धा नाही. आईनं मागचं दार उघडलं, बंद केलं आणि पुढे येऊन बसली, तिच्या नेहमीच्या जागेवर. भायखळ्यापर्यंत जाऊन आलो. सकाळचं ऊन काचेवरून वाहत होतं. परत येताना तिनं डॅशबोर्डवर तळवा टेकवला, बराच वेळ.

"थोडी ठेवायचीस रे थरथर," म्हणाली. मग डोळे पुसून, "भंगारवाल्याला नको म्हणून सांग."

बाबा, वचन देतो. माझ्या हाताखाली कुणी आलं, तर आधी चहा देईन. आणि तो का, तेही सांगेन.

तुमची बशी पिऊन टाकलेला,
संदीप