टपरीमागची बाई

३ नोव्हेंबर
आईचा चेहरा! बूढापारा मोहल्ल्यात, दयारामच्या चहाच्या टपरीमागे, जुन्या फ्लेक्सच्या ढिगाआड. सिमेंटची बाई, डोक्यावर घमेलं, नाक फुटलेलं. घमेल्यात गुटख्याच्या पुड्या. रोज इथे चहा पिते मी, मागे कधी पाहिलं नाही. आज स्कूटीची किल्ली पडली म्हणून वाकले, तर ही समोर.

४ नोव्हेंबर
आईला विचारलं. मेथी निवडता निवडता म्हणाली, "हव, मीच ते." लग्नाआधी ती बांधकामावर होती, तेव्हा एका मूर्तिकाराने तिला समोर उभं करून पुतळा घडवला. बाबांनाही कधी सांगितलं नाही म्हणे. मी चिडलेच. एवढी गोष्ट कोणी पोटात ठेवतं का!

८ नोव्हेंबर
पुतळ्याच्या चौथऱ्यावर लाल फुली. रस्ता रुंद होणार, बाई जाणार. दोन ऑफिसांत हेलपाटे घातले — एकाने दुसऱ्याकडे धाडलं, दुसऱ्याने पहिल्याकडे. दयाराम चहा गाळत म्हणाला, "देवी की मूर्ति होती तो छोड़ देते, दीदी. ये तो पुतला है." तेव्हापासून डोकं भणभणतंय.

११ नोव्हेंबर
सोमवारी जेसीबी येणार. जेवण जात नाही.

१४ नोव्हेंबर
केलं! बाईला शेंदूर, तेल, लाल चुनरी, नारळ. दुकानात नारळ मागताना जीभ अडखळली. आमच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोला फूल वाहतात, बुद्धवंदना होते. बावीस प्रतिज्ञा तर आईने पाढ्यांच्या आधी पाठ करून घेतल्या. पण दुसरं काय करणार होते मी?

१७ नोव्हेंबर
वाचली! जेसीबीच्या ड्रायव्हरने हात जोडले आणि गाडी मागे घेतली. मोहल्ल्यातल्या बायका अगरबत्ती लावून बसल्या होत्या. शेंदराखाली चेहरा ओळखू येत नाही, पण उभी तर आहे. पेढे घेऊन घरी गेले, आईला सगळं सांगितलं. पेढा तिने हातात घेतला, खाल्ला नाही. उठून आत गेली.

१८ नोव्हेंबर
सकाळी आई घरात नव्हती. धावत टपरीकडे गेले. पदर खोचून, बादली आणि घासणी घेऊन ती पुतळ्याचं तोंड घासत होती. बायका ओरडत होत्या, दयाराम विनवत होता. मी म्हटलं, आई, उद्या तोडतील गं.

"बाई म्हणून उभी होती मी इथं. देवी होऊन नाही राहाचं मले. तोडू दे त्यायले."

मी नळावरून दुसरी बादली भरून आणली.