दालचिनी गळ्याची चांदणी

सान रोके, इक्वादोर
७ मार्च

प्रिय सोराईदाताई,

स्पेनमधली थंडी ओसरली का? गुडघा कसा आहे तुझा? इथे केळी बरी आली आहेत. कोंबड्या मजेत.

अंगणातल्या जांभळ्या फुलांवर हल्ली एक चिमुकला गुंजनपक्षी येतो. जेमतेम अंगठ्याएवढा, आवाज थेट भुंग्याचा. आपण चांदण्या म्हणतो ना, त्यांतलीच मादी. पण कुठली? विल्फ्रिदो म्हणाला, "ही ती दुर्मीळ, छोटी चांदणी."

"काहीतरीच! आपली नेहमीचीच आहे."

"आधी चष्मा पूस."

"तू आधी दाढी कर. पाहुण्यांना पक्षी दाखवतोस की घाबरवतोस?"

नेहमीच्या मादीचा गळा पांढरट असतो. छोटीचा गळ्यापासून पोटापर्यंत एकच रंग, दालचिनीचा. फरक एवढाच, पण ती क्षणभर थांबेल तर ना!

गेल्या मंगळवारी तो नदीपलीकडच्या ग्वाबाच्या झाडांवर तशा आणखी आहेत का ते बघायला गेला. जाताना म्हणाला, "नर दिसू दे, मग तुझं तोंड बंद." वर डोंगरात पाऊस झाला होता. इथे लख्ख ऊन होतं.

ताई, तुला कुणी फोन करू नका, असं मीच सगळ्यांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो नदीच्या खालच्या वळणावर सापडला. ओळख पटवायला शहरात मीच गेले. साहेबांनी चादर बाजूला केली. "बाई, हे तुमचेच यजमान का?" मी हो म्हटलं. आवाज अगदी सरळ आला. सही केली. बसला वेळ होता म्हणून सूप प्यायले. चव लागली नाही, पण संपवलं. पुरलं त्या दिवशीही असंच. शेजारची रुफीना म्हणते, "रड गं बाई." कसं रडायचं तेच आठवत नाही.

आज सकाळी ती चांदणी कपड्यांच्या तारेवर बसली. चांगली बसली. गळा स्वच्छ दिसला. दालचिनीच. मी धावत घरात गेले आणि मोठ्यानं ओरडले, "अरे, तुझंच खरं!"

रुफीनाला ऐकू गेलं. ती आली, चुलीवरचा भात उतरवला आणि माझ्याजवळ बसून राहिली.

पत्र मिळालं की फोन कर. मी काही बोलले नाही, तरी ठेवू नकोस.

तुझी धाकटी,
नेल्बा