मी उलटी वाचलेली मुलगी

प्रिय रीम,

सुट्टीचा महिनाभर तू वाचतच होतीस. आता ट्युनिसला कॉलेजात परतलीस, पण निझारशी लग्न करायचं की नाही, ते बोलली नाहीस. शुक्रवारी त्याची आई उत्तर विचारायला येणार आहे. माझं कशात लक्ष लागेना, म्हणून तुझी पुस्तकंच वाचायला काढली. तुझ्या जुन्या वह्यांवरून अक्षरं शिकलेली मी, वेळ लागला.

प्रेमकथेत शेवटी लग्न झालं, मला बरं वाटलं. जाड्या कादंबरीतली बाई नुसती खिडकीशी बसते. तुझे बाबा गेल्यापासून मीही तशीच बसते. मग ती जपानी चित्रकथा, मांगा. फ्रेंचमध्ये आहे म्हणून डावीकडून उघडली. मुलगी बोटीवर एकटी, मग बंदरावर, आणि शेवटी घरी आईच्या कुशीत. मी खूश!

शेजारच्या झोहराला ही गोष्ट सांगितली, तर ती पोट धरून हसली. "अगं जमीला, जपानी पुस्तक ते! आपल्या अरबीसारखं उजवीकडून वाचायचं. तू शेवटाकडून सुरुवात केलीस!"

पुन्हा वाचलं. मुलगी आईच्या कुशीतून उठते आणि एकटी बोटीवर चढते. हसत.

खरं सांगते, निझारचं घर दोन गल्ल्या सोडून आहे, म्हणून तो मला आवडला. तुला मी कधी विचारलंच नाही. "चांगला मुलगा आहे ना गं?" एवढंच घोकत राहिले.

हे पत्र पाठवणार नाही. वाचलंस तर माझी कीव येऊन हो म्हणशील. आज फोन करते, नीट विचारते, आणि तू बोलेपर्यंत तोंड उघडत नाही.

तुझ्या उत्तराला घाबरलेली,
आई