गुडघ्याला गुडघा

भिवंडी, नोव्हेंबर २००६, गुरुवार संध्याकाळ

डॉक्टरांनी आज नमुन्याचा कृत्रिम गुडघा हातात दिला. वर-खाली धातू, मधे पांढरं प्लॅस्टिक, ओल्या खोबऱ्यासारखं गुळगुळीत. म्हणाले, "चालाल, जिने चढाल. पण मांडी घालायची नाही, प्लॅस्टिक झिजतं." मी म्हटलं, "हा बनवणारा जन्मभर खुर्चीतच बसला असणार!" ते हसले. हसण्यासारखं काय होतं?

उन्हाळ्यात कोन गावाला भाचीची हळद आहे, आणि हळदीची गाणी आम्ही चटईवर बसूनच गातो. घरी जाऊबाई म्हणाली, "खुर्चीव बसून गा गो! गल्यातून गातेस का गुडघ्यातून?"

गुडघ्यातूनच. मघाशी शेजारच्या कापडाच्या लूमच्या आवाजात डुलकी लागली, तर स्वप्नात आम्ही साऱ्या चटईवर, गुडघ्याला गुडघा लावून. शेजारणीने श्वास घेतला की तो गुडघ्यात कळायचा आणि पुढची ओळ एकदम उठायची. त्या पांढऱ्या प्लॅस्टिकला हे कोण शिकवणार?

पण लहानपणी कॉन्व्हेंट शाळेच्या सिस्टरांनी गुडघ्यांवर उभं करायच्या शिक्षेत अर्धा झिजवलेला हा गुडघा घेऊन मला कोनपर्यंतही जाववत नाही. उद्या डॉक्टरांना हो सांगते. हळदीला मी खुर्चीत बसेन, जाऊबाईला खाली माझ्या पायाला टेकून बसवेन. मधे धातू असला तरी तिचा श्वास पोचेल का वर?