ओट्यावरचा हिमालय

आबा,

तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला जरा थांबावं लागतं. पाठ मात्र लगेच आठवते. बनियन, खांद्यावर टॉवेल, मांडीवर पाट आणि पाटावर ओला कागद. न्याहारीच्या आत तुम्ही घराकडे पाठ करून ओट्यावर बसायचात. समोर म्हसवडच्या वाटेवरचं उघडं माळरान, त्यामागे आपला डोंगर, आणि कागदावर हिमालय. रोज. सणाला, पाहुणे आलेले असताना, चुलत्याच्या मेंढरांत रोग शिरून सगळं घर रानात धावत होतं त्या दिवशीसुद्धा. शेजारच्या म्हाताऱ्यानं एकदा विचारलं होतं, "आवं हवालदार, ह्यो आपला डोंगूर कवा काढायचा?" तुम्ही मान न वळवता म्हणालात, "त्यात काय हाय काढण्यासारखं? टकलं हाय नुसतं." त्या टकल्याच्या पायथ्याशी तुमचं सगळं खानदान मेंढरं हाकत जगलं, पण तुम्हाला त्यात काही दिसलं नाही.

लोकांचे बाप पेन्शनीवर आले की शेत बघायचे, नाहीतर पारावर बसून गप्पा हाणायचे. तुम्ही चित्रकार झालात. ती हौसही तुमची नव्हती, उसनी होती. उत्तरेत पलटणीत तुम्ही ज्या साहेबांचे सहायक होतात, ते रोज सकाळी डोंगर रंगवायचे. तुम्ही त्यांचं स्टूल उचलायचात, ब्रश धुवायचात, पाणी भरायचात. बदली होऊन जाताना त्यांनी रंगांची पत्र्याची पेटी तुम्हाला देऊन टाकली आणि तुम्ही घरी आलात ते साहेब होऊनच. बोलणंही तसंच. ऊन सरकलं की "लाइट गया," असं ओट्यावर एकटेच पुटपुटायचात, जसं काही आम्हीच तो लपवून ठेवला होता. फरक इतकाच की आता पाणी भरायला आई होती.

त्या पाण्याबद्दल मला तुमच्याशी कधीतरी बोलायचं होतं. तुम्हाला दोन वाडगी लागायची, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ. आपल्याकडे टँकर यायचा तेव्हा बायका घागरी घेऊन उन्हात उभ्या राहायच्या आणि एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. मी दुसरीत असेन. एका सकाळी टँकर आला नव्हता, म्हणून मी तांदूळ धुतलेलं पाणी वाडग्यात ओतून तुमच्यापुढे ठेवलं. मला वाटलं, पोरीनं पाणी वाचवलं म्हणून आई शाबासकी देईल. तुम्ही ब्रश बुडवलात, वर धरून बघितलात आणि सगळं वाडगं अंगणात भिरकावलंत. "ह्या पाण्यात बरफ निघंल व्हय गं?" आई चुलीपुढून उठली. माठात तळाला होतं ते तिनं गाळून दुसऱ्या वाडग्यात आणलं, तुमच्या शेजारी ठेवलं आणि परत भाकरी थापायला बसली. त्या दिवशी आम्ही पाणी मोजून प्यालो आणि तुमच्या कागदावर ओढा खळाळत होता. तुमचं झाल्यावर निळं झालेलं पाणी आईनं शेणात कालवलं आणि सोपा सारवला. आपलं घर वर्षानुवर्षं हिमालयाच्या पाण्यानं सारवलेलं होतं, हे पाहुण्यांना कोणी सांगितलं नाही.

माझ्या लग्नात इतर बापांनी दिलं असतं तसं कपाट तुम्ही दिलं नाहीत. तुम्ही चौकटीतला डोंगर दिलात. सांगलीत सासूबाईंनी तो हातात धरून बराच वेळ बघितला आणि विचारलं, "हे तुमच्या माणदेशातलं का?" मी म्हणाले, नाही, आमच्याकडच्या डोंगरांना टक्कल असतं. तो जिन्याखालच्या भिंतीवर लागला. पुढे महापुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा तुमचा हिमालय कृष्णेला मिळाला. चौकट उरली, तिच्यात मी दिनदर्शिका लावली. मी शाळेत भूगोल शिकवते, आबा. फळ्यावर हिमालय काढायची वेळ आली की मी तीन त्रिकोण काढते आणि पुढे जाते. पोरं विचारतात, बाई, तुम्ही बघितलाय का? मी म्हणते, गरज पडली नाही.

तुमची बाकीची चित्रं लष्करी ट्रंकेत होती. तुम्ही गेल्यावर आईनं ती एकेक करून फडताळात अंथरली, डबे ठेवायला. मला वाटलं, संपला विषय. मागच्या हिवाळ्यात ती माझ्याकडे सांगलीला राहायला आली, आणि एका दुपारी शेंगा सोलता सोलता म्हणाली, "मला त्यो डोंगूर बघायचाय."

"कुठला?"

"तुझं आबा बघत हुतं त्यो. सारा जलम माझ्याकडं पाठ करून बसलं. ती कुनासाठी केली, त्ये तर बघू दे. बाई असती तर गावात जाऊन तोंड बघून आले असते."

मी शेंगा खाली ठेवल्या. एवढ्या वर्षांत तिच्या तोंडून तुमच्याबद्दल तक्रारीचा शब्द निघाला नव्हता. मी म्हणाले, आई, डोंगरच असतो गं, फक्त उंच. ती म्हणाली, "आगं, मी कशापुढं हारली, एवढं तरी कळू दे मरायच्या आत." मी सुट्टी काढली आणि तिच्या गुडघ्यांना पट्टे बांधून तिला घेऊन निघाले. रेल्वे, मग गाडी, मग घाट आणि ओकाऱ्या. तुमच्या छावणीच्या गावात पोचलो तेव्हा सगळीकडे ढग होते. वर काही आहे याचा पत्ताच नव्हता. मला बरं वाटलं, खोटं का बोलू.

हॉटेलात पुण्याहून आलेला एक चित्रकारांचा घोळका होता. तुमचीच जात, आबा, फक्त कपडे भारी. रोज एक निसर्गचित्र काढायचं आणि न्याहारीच्या आत फोनवरून जगाला दाखवायचं, असं त्यांचं व्रत. डोंगर ढगात, म्हणून ते ढगच रंगवत होते आणि एकमेकांना वा वा म्हणत होते. ब्रश धुवायला बाटलीबंद पाणी. त्यातल्या एका बाईंनी आईला प्रेमानं सांगितलं, "आजी, रोज रंगवलं ना की माणूस आतून शांत होतो. घर, कटकटी, सगळं विसरायला होतं." आईनं मान डोलावली. त्या गेल्यावर मला विचारलं, "हिच्या घरी पानी कोन भरतं?"

तिसऱ्या दिवशी दुपारी ढग फाटले. आई गच्चीवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत शाल गुंडाळून बसली होती. समोर एकदम भिंतीसारखा तो उभा राहिला, वर पांढरा, खाली काळा, भर उन्हात सपाट दिसणारा. मी डोंगराकडे बघत नव्हते, तिच्याकडे बघत होते. तिला जर तो आवडला असता, तर मी तुम्हाला कधी माफ केलं नसतं. तिनं डोळ्यांवर हात धरला आणि भाकरी भाजली का बघावी तसं निरखून बघितलं.

"ह्योच व्हय?"

"हाच."

"एवढाच?"

"एवढाच," मी म्हणाले.

"मला वाटलं, लय मोठं काय आसंल." ती खुर्चीत मागे टेकली. "चल, च्या सांग. भजी हायती का इचार." त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली. परत आल्यावर गावभर सांगत सुटली, जाऊन आले, काय न्हाई तिथं. तिची मान आता ताठ असते, आबा. शेजारणींमध्ये ती तुमचा विषय स्वतः काढते आणि हसते. तुम्ही हरलात, आणि ते कळायला तुम्ही इथे नाही, एवढंच मला खटकतं.

हे इथेच संपवायला हवं होतं. पण ती भजी खाल्ली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली आणि मी उगाचच गच्चीवर गेले. वर अजून अंधार होता. आधी टोकाचा एक तुकडा तांबडा झाला, मग तो रंग कडेकडेनं खाली उतरत आला, आणि पांढऱ्यात निळं, निळ्यात जांभळं असं काहीतरी होत गेलं ज्याला माझ्याकडे शब्द नाहीत. तुमच्या हातूनही ते कधी उतरलं नाही, हे मी खात्रीनं सांगते. तुम्ही रोज का बसायचात ते मला तेव्हा कळलं. त्यानं तुमचं काही माफ होत नाही. एखादी गोष्ट सुंदर आहे म्हणून बायकोला तहानलेलं ठेवायची मुभा मिळत नाही. पण तो एवढाच नव्हता, आबा. मी आईला उठवायला गेले नाही. तिच्या हातात तेवढा एकच शब्द आला होता, तो मी काढून घेणार नव्हते.

खाली आले तेव्हा ऊन पडलं होतं. आई जागी होऊन पलंगावर पाय सोडून बसली होती, गुडघे धरून. गरम पाण्याची बादली मी आणते तेव्हाच तिला उठता येतं. "कुठं गेलतीस गं? कवाची हाका मारतीय." मी म्हणाले, खाली, चहा सांगायला. हे पत्र मी फाडणार आहे. आईला वाचता येत नसलं तरी शेजारची पोरगी तिला सगळे कागद वाचून दाखवते. तुम्हाला मात्र एक सांगते. निघायच्या दिवशी पहाटे मी पुन्हा वर गेले. या खेपेला आई जागी होती, गरम पाण्याची वाट बघत, आणि ते मला माहीत होतं.