चौथ्या चाकाचं टोपण

रवि. ७ डिसें.
सकाळभर अंगणात जॅक. गाडीची मागची चाकं पुढं, पुढची मागं, टायर सारखे झिजावेत म्हणून. "गॅरेजवाल्याला कशाला पैसे? घरात हुतंय की!" इति आमचे हे. नवे सेन्सरही आणलेत. हवा भरायच्या नळीवर टोपणासारखे फिरवून बसवायचे, मग कुठल्या चाकात किती हवा ते वायरीशिवाय समोरच्या छोट्या स्क्रीनवर दिसतं, टोपण जवळपास असलं की झालं. चाकं हलवली की टोपणं आपापल्या जागी परत लावायची. यांचा गोंधळ नको म्हणून मी नेलपॉलिशचे ठिपके दिले. पहिल्या टोपणाला एक, दुसऱ्याला दोन, असे चौथ्याला चार. यांनी फोटो काढून लगेच पाठवला. कुणाला, ते विचारायलाच नको.

रवि. १४
आज वैशालीची चाकं. यांची कॉलेजातली मैत्रीण, गाडी आमच्यासारखीच. माझ्यासमोर खुशाल "अरे प्रकाश"! मी इतकी वर्षं "अहो"वरच. तिच्या चाकांना लावून दाखवायला आमचे सेन्सरही काढून नेले. सकाळी गेलेले, जेवायच्या वेळेलाही पत्ता नाही. आले ते पोट भरून. "आग्रह केला तिनं, काय करू?" मी केलेला तांबडा रस्सा तसाच. जळफळाट झाला, खोटं कशाला लिहू.

मंगळ. १६
स्क्रीनवर चौथ्या चाकाचा आकडा नाही, नुसत्या रेघा. विचारलं. "पडलं असंल टोपण कुठंतरी खड्ड्यात." मग खड्ड्यांवर, रस्त्यांवर, महापालिकेवर बराच वेळ बोलले. एवढ्या साध्या प्रश्नाला.

शुक्र. १९
भाजीला मीच गाडी नेली. राजारामपुरीत कशीबशी जागा मिळाली, गाडी लावते तर चौथा आकडा हजर! वाटलं, बिघडलं. मग पुढची गाडी बघितली. वैशालीची. उतरून वाकले. मागच्या चाकावर माझे चार लाल ठिपके.
तेवढ्यात बाईसाहेब दुकानातून बाहेर. नवा कुर्ता. शोभतोही मेलीला.
"अय्या वहिनी! ते टोपण व्हय? मी तर त्याच दिवशी म्हटलो प्रकाशला, तुझं एक ऱ्हायलंय, घेऊन जा. तर म्हणतोय, असू दे, न्यायला येतो की परत."
हसत सांगितलं. लपवायचं असतं तर सांगितलं असतं? की मला डिवचायलाच... काढून हातात देत होती. घेतलं नाही. म्हटलं, "ऱ्हाऊ दे, त्यांनाच न्यायला लावा."
घरी आले, भाजी फ्रिजमध्ये कोंबली. यांना काही बोलले नाही. स्वतःहून काय सांगतात बघू.

शनि. २०
काही नाही. चहा, पेपर, ऊसदरावर व्याख्यान. तिनं यांना सांगितलं असेल का, मी बघितलं ते? असेल तर हे गप्प का? नसेल तर तिनं का नाही सांगितलं? आरशासमोर उभी राहिले. पोट सुटलंय माझं. तिचं नाही.
संध्याकाळी यांच्या चहात साखर घातलीच नाही. मुकाट प्यायले. एरवी घर डोक्यावर घेतात. तेच जास्त लागलं.

रवि. २१
जॅक डिकीत. "एका मित्राची चाकं हायत."
मित्राची!
मी म्हटलं, "मीबी येतो. शिकून घेतो की, तेवढीच बचत."
"तू कशाला उन्हात?"
"असू दे ऊन."
तोंड बघण्यासारखं झालं. मग म्हणाले, "थांब, एक फोन करून येतो."
गाडीत बसून लिहितेय. जांभळी साडी नेसलेय, लिपस्टिकही. हे फाटकाशी, माझ्याकडं पाठ करून हळू आवाजात बोलताहेत. फोन अजून संपलेला नाही. किल्ली माझ्याकडं आहे.